वाटसरूचे आडनाव

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा शाळेच्या जुन्या आठवणी लिहाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. पत्र्याच्या छपराखाली भरलेले पहिले वर्ग, विहिरीवरून वाहून आणलेले पाणी, वसतिगृहात साजरी झालेली पहिली बुद्धपौर्णिमा, हे सारे लिहिण्याजोगे आहे आणि आमचे सहकारी ते आमच्याहून चांगले लिहितील. आमच्या मनात मात्र एक वेगळीच आठवण ठाण मांडून बसली आहे. ती शाळेच्या गौरवाची नाही. तरीही ती याच स्मरणिकेत यावी असे आम्हांला वाटते. कारण त्या रात्री आमच्यासोबत असलेली मुले-मुली आज स्वतः पालक झाली आहेत आणि हे पान त्यांच्या हाती पडणार आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची हिवाळी सहल. नववीचे विद्यार्थी रायगड आणि महाड पाहून परतत होते. सकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांनी ओंजळीत पाणी घेतले होते आणि २० मार्च १९२७ चा इतिहास आम्हीच त्यांना तेथे उभे राहून सांगितला होता. परतीच्या वाटेवर एका तालुक्याच्या गावी मुक्काम ठरला होता. लॉजच्या खोल्यांचे पैसे पंधरा दिवस आधी पाठवले होते. त्यांतील एक खोली गाडीचे चालक व क्लीनर यांच्यासाठी होती. चालक साठीच्या घरातले मुस्लिम गृहस्थ. सलग सहा वर्षे आमच्या सहली त्यांनीच नेल्या होत्या. घाटात मुलांना उलट्या होऊ नयेत म्हणून गाडी कशी हाकावी, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते. मुले त्यांना चाचा म्हणत. लॉजच्या व्यवस्थापकाने आम्हां शिक्षकांची नावे वहीत उतरवली, मग चाचांचा परवाना हातात घेऊन पाहिला आणि ती एक खोली आता शिल्लक नाही असे सांगितले. पैसे भरले आहेत, असे आम्ही म्हणालो. तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तुमचं काही नाही हो. पण पोलिसांचा ताप होतो. मालकांनीच सांगून ठेवलंय."

आम्ही काही बोलण्याआधी चाचाच पुढे आले. "राहू द्या सर, मी गाडीतच झोपतो. गाडीला राखण होईल." आणि आम्ही राहू दिले. चाळीसहून अधिक मुले दिवसभराची दमलेली होती, रात्रीचे दहा वाजून गेले होते, मुलींना घेऊन दुसरीकडे कोठे जाणार, ही सारी कारणे तेव्हा खरी होती आणि आजही खरी आहेत. डिसेंबरच्या थंडीत चाचा गाडीच्या मागच्या बाकावर झोपले. एका मुलीने आपली चादर त्यांना नेऊन दिली, हे आम्हांला सकाळी कळले. परत आल्यावर आम्ही त्या खोलीचे पैसे पत्र पाठवून मागितले. पैसे परत आले, दुसरे काही आले नाही.

पुढच्या महिन्यात नववीच्या वर्गावर मूलभूत हक्कांचा पाठ आला. तीच मुलगी उठून उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, कलम पंधरा गाडीच्या ड्रायव्हरला लागू असतं का?" लागू असते, असे आम्ही सांगितले. मग लॉजवाल्याला शिक्षा काय होते, हा तिचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आम्हांला देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती आले, त्याचा हा लेख.

आधी एक जुनी वाट चालून येऊ. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेली आणि १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध केलेली छोटी पुस्तिका आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ती अस्पृश्यतेवरची पुस्तिका म्हणून आपण वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे कोणी बोलून दाखवत नाही. तिच्यातले स्वतः बाबासाहेबांचे प्रसंग प्रवासातले आहेत. मसूरचे रेल्वेस्थानक, बडोद्याची पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा किल्ला. घरात, वस्तीत माणूस आपल्या माणसांत असतो. वाटेला लागला की तो परक्यांच्या हाती जातो. पाणी, निवारा आणि वाहन या तिन्हींसाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. विषमतेला माणूस पकडायचा असतो तो अशाच जागी.

त्यातला १९०१ चा प्रसंग पाहा. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावी निघाले. मसूरला उतरले, तर न्यायला कोणीच आलेले नाही. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर मायेने चौकशी करीत होता, ती जात कळेपर्यंत. मग गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकायचे या अटीवर एक जण कबूल झाला. रात्री टोलनाक्यावर थांबले, तेव्हा मुलांपाशी जेवण होते, पण घशाखाली उतरवायला पाणी नव्हते. महार म्हणून सांगितलेस तर पाणी मिळणार नाही, मुसलमान आहोत म्हणून सांग, असा सल्ला गाडीवानाने दिला. छोटा भीमराव नाकेदाराकडे गेला आणि आपण मुसलमान आहोत हे पटावे म्हणून चांगल्या उर्दूत त्याने पाणी मागितले. नाकेदाराने त्याला झिडकारले. पाणी डोंगरावर आहे, हवे तर तिथून आणा, असे उत्तर मिळाले.

हा उतारा आम्ही किती वेळा वर्गात वाचून दाखवला असेल! पण लॉजच्या त्या रात्रीनंतर तो आम्हांला निराळा दिसू लागला. मुसलमान म्हणवून घेतल्याने पाणी मिळेल, हा गाडीवानाचा अंदाज होता आणि तो चुकला. नऊ वर्षांच्या बाबासाहेबांनी एका रात्रीपुरते जे नाव पांघरले होते, ते खरोखरच ज्यांचे आहे, त्यांचा प्रवास आज कसा होतो, एवढा विचार करायला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

आणि नाव पांघरणे आपल्याला नवे आहे काय? १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने आडनावे बदलली, गावाच्या नावावरून नवी घेतली, शहरातल्या बिऱ्हाडात जयभीमची तसबीर आतल्या खोलीत टांगली. "आडनाव काय?" हा प्रश्न गाडीच्या डब्यात कोणी विचारला की आजही आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात किंचित खड्डा पडतो, हे आपण मान्य करू या. त्याच डब्यात समोरच्या बाकावर बसलेला मुस्लिम तरुण फोनवर आईशी बोलताना 'अम्मी' हा शब्द हळू उच्चारतो, सलाम गिळतो, डब्यातले जेवण झाकून खातो. त्याच्या आईने त्याला निघताना टोपी पिशवीत ठेवायला सांगितलेले असते. आपल्या आईनेही कधीकाळी आपल्याला असेच काही सांगितले होते.

भीतीला कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत इगतपुरीच्या आसपास एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला तरुणांच्या टोळक्याने घेरले. त्याच्या बरणीत मांस होते, एवढा त्याचा गुन्हा. मुलीकडे निघालेला तो म्हातारा मार खात असताना डबा भरलेला होता आणि कोणी तरी चित्रण करीत होते. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जुलै २०२३ रोजी, जयपूर-मुंबई गाडीत पालघरच्या परिसरात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घालून ठार केल्याचा गुन्हा दाखल झाला. रक्षणासाठी नेमलेल्याच्या हातातली ती बंदूक होती. लॉजवरची नकार देणारी वही आणि ही बंदूक एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण वहीपाशी सगळे गप्प बसतात हे ज्यांनी पाहिलेले असते, त्यांना डब्यातही सगळे गप्प बसतील याची खात्री वाटू लागते.

येथे समाजबांधवांचा एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. तो खासगीत आम्ही अनेकदा ऐकला आहे, म्हणून उघड लिहितो. मुसलमानांनी आपल्याला कधी जवळ केले? दौलताबादला काय झाले? प्रश्न खरा आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि सुमारे तीस कार्यकर्ते दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दिवस रमजानचे होते. प्रवासाची धूळ उतरवण्यासाठी त्यांनी दारापाशी असलेल्या हौदात हातपाय धुतले, तर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हौद बाटवला म्हणून ओरडत धावून आला आणि पाहता पाहता जमाव जमला. अखेर किल्ल्यात जाऊ दिले ते पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत सशस्त्र पहारेकरी देऊन. हे विसरायचे कारण नाही. मुस्लिम समाजात जात नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यातल्या मागास बिरादऱ्यांना अश्रफांच्या मोहल्ल्यात काय वागणूक मिळते, हे त्यांच्याच कार्यकर्त्यांनी लिहून ठेवले आहे.

पण इतिहासाच्या शिक्षकाला निवडक इतिहास सांगता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला सनातन्यांनी परिषदेच्या लोकांवर लाठ्या चालवल्या, तेव्हा आपल्यातल्या काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. त्याच वर्षी डिसेंबरातल्या सत्याग्रह परिषदेला महाडात कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळली ती त्या जागेवर. दौलताबादचा म्हातारा आणि महाडचे फत्तेखान हे दोघेही आपल्या इतिहासात आहेत, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नातवाकडून वसूल करता येत नाही. खरे तर बाबासाहेबांनी दौलताबादच्या त्या जमावाला जो सवाल केला, त्याचा रोख धर्माच्या शिकवणीकडे होता. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असे त्यांनी विचारले. आज तो सवाल आपल्याकडे वळला आहे. आपल्या समाजातल्या काही घरमालकांनी मुस्लिम भाडेकरूला नकार दिलेला आम्हांला ठाऊक आहे. त्यांच्या दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटले आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरातही आडकाठी करता येणार नाही. हे बंधन केवळ सरकारवर नाही, गल्ल्यावर बसलेल्या खासगी मालकावरही आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, मोबदला घेऊन सेवा देणारा जो कोणी असेल तो त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी केला होता. मसूरच्या गाडीवानाची आठवण त्या शब्दामागे असेल काय? आम्हांला तसे वाटते. पुरावा मात्र देता येणार नाही.

हक्क असा पक्का लिहिलेला आहे. शिक्षेचे काय? अस्पृश्यतेपुरती शिक्षेची तरतूद १९५५ च्या कायद्याने झाली; १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांची नावे घेऊन अटकाव करणाऱ्यास कैद आणि दंड सांगितला आहे. इतकेच नाही, दोषी ठरलेल्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकारही न्यायालयाला दिला आहे. परंतु हे सारे अस्पृश्यतेच्या कारणावरून झालेल्या अटकावालाच लागू पडते. चाचांना जात पाहून हाकलले असते तर कायदा होता. धर्म पाहून हाकलले, म्हणून तो नव्हता. घटनेचे एकच पोटकलम. त्याच्या एका शब्दामागे दंडाची तरतूद उभी आहे आणि दुसऱ्या शब्दामागे ती नाही. वर्गातल्या त्या मुलीला हे उत्तर आम्ही दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी दिले. तिने ऐकून घेतले आणि "मग करायला हवी ना सर, तरतूद," एवढेच म्हणाली.

जगात ती कशी झाली याचे दोन दाखले सांगण्यासारखे आहेत. वेस्ट इंडिजचे थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९४३ मध्ये लंडनच्या एका बड्या हॉटेलात कुटुंबासाठी आगाऊ खोल्या घेतल्या होत्या. ते पोहोचल्यावर त्यांना तेथे राहता येणार नाही असे सांगण्यात आले. कारण, उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना काळ्या माणसाचा शेजार चालणार नव्हता. कॉन्स्टंटाइन कोर्टात गेले. वंशभेदाविरुद्ध कायदा तेव्हा इंग्लंडात नव्हताच. पण वाटसरूला विनाकारण दार बंद करणे हा खाणावळवाल्याच्या जुन्या कर्तव्याचा भंग ठरतो, हे १९४४ मध्ये न्यायालयाने मान्य केले. भरपाई मिळाली अवघी पाच गिनी. आमच्या त्या परत आलेल्या खोलीभाड्याची येथे आठवण होते. दुसरा दाखला अमेरिकेचा. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे प्रवासाला निघताना कोणत्या गावी कोणते हॉटेल आपल्याला घेईल, याची छापील पुस्तिका जवळ बाळगत; व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने ती १९३६ पासून काढली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाईक नाकारण्यास मनाई केली. अटलांटातील एका मोटेलच्या मालकाने आव्हान दिले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. कायदा आला, न्यायालयाने तो उचलून धरला आणि काही वर्षांत ती पुस्तिका बंद पडली. त्याच अमेरिकेने २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना सरकारी आदेशाने दार लावले, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा मोटेलचा मालक कायद्याने बांधलेला होता, पण दार लावणारे खुद्द सरकार होते.

आपल्याकडे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली. २०१७ मध्ये सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक खासगी विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते पुढे सरकले नाही. आमची मागणी त्याहून साधी आहे. १९५५ च्या कायद्यात हॉटेल आणि मुसाफिरखान्याबद्दल जे लिहिले आहे, तेच कलम १५ मधल्या सर्व कारणांना लावा, आणि परवान्याची तरतूद विशेष करून लावा. चार दिवसांची कैद कदाचित कोणाला होणारही नाही. परवाना जाईल या धास्तीने मात्र व्यवस्थापकाचा आवाज खाली येण्याऐवजी वही उघडेल. 'पोलिसांचा ताप' या सबबीचा निकाल तर एका परिपत्रकाने लागू शकतो. ओळखपत्र तपासा, नोंद ठेवा, परंतु धर्मावरून खोली नाकारू नका, असे प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी लॉजमालकांना लेखी कळवावे. ते कळवत नसतील तर निवेदन घेऊन जायला आपल्या संघटना आहेतच. निवेदने देण्यात आपण कोणाला हार गेलेलो नाही.

कायदा झाला म्हणजे सुटलो, असे मात्र आपल्याइतक्या अनुभवी समाजाने समजू नये. १९५५ च्या कायद्याखाली तक्रार नोंदवायला गेलेल्या आपल्या माणसाला ठाणेदाराने बसवून ठेवलेले आपण पाहिले आहे. कायदा चालतो तो तक्रारदाराच्या शेजारी दुसरे कोणी उभे राहिले तर. आगाऊ पैसे घेऊन खोली नाकारली असेल तर आजही ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्या रात्री आम्ही शाळेच्या पत्रावर तक्रार करू शकलो असतो. साक्षीदार चाळीस होते. गाडीत कोणाला घेरले तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे, आणि गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. झुंडीच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले होते. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारणे माजी विद्यार्थी संघाला अवघड नाही.

दरवर्षी ६ डिसेंबरला आपले लाखो लोक चैत्यभूमीकडे निघतात. त्या दिवसांत डब्यातल्या इतर प्रवाशांच्या नजरा आपण सोसलेल्या आहेत. फुकटे, गर्दी, घाण, हे शब्द आपल्या म्हाताऱ्या आयांनी ऐकलेले आहेत. दादरला उतरल्यावर जागोजागी अन्नदानाचे मंडप असतात, तेथे मात्र कोणी आडनाव विचारत नाही. आपल्या विहारांची सभागृहे, आपल्या मालकीच्या खानावळी, तालुक्याच्या गावी आपल्या मुलांनी काढलेली लॉजेस यांच्या दारावरही ती पद्धत यावी. काही ठिकाणी ती आहे. काही ठिकाणी नाही, आणि ती कोठे नाही हे संबंधितांना ठाऊक आहे.

चाचांचे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी सहलीसाठी आम्ही त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी आपल्या एका हिंदू सहकाऱ्याचे नाव सुचवले. "माझ्यामुळे पोरांची खोळंबा नको, सर," म्हणाले. आम्ही आग्रह केला, पण तो पुरेसा नव्हता. त्यानंतर आमच्या सहलीची गाडी त्यांनी नेली नाही. मुले काही महिने नव्या चालकालाही चाचाच म्हणत होती.

या वर्षीच्या सहलीसाठी मुक्कामाच्या ठिकाणांना पत्रे गेली आहेत. शाळेच्या पत्रात शिक्षक, विद्यार्थी, चालक आणि क्लीनर यांची संपूर्ण नावे दिली आहेत आणि सर्वांची सोय एकाच ठिकाणी हवी, तसे लेखी कळवावे, अन्यथा आगाऊ रक्कम पाठवली जाणार नाही, असे एक वाक्य घातले आहे. चालक नवे आहेत, मिरजेचे, नाव मुस्लिम. दोन लॉजांनी उत्तर दिलेले नाही. तिसऱ्याने होकार कळवून चालकांना गरम पाणी किती वाजता लागेल, अशी विचारणा केली आहे.